कांद्याचा वाफा आणि बागवाली मॅडम

...आणि वर मलाच म्हणतात, "बाबा, तुम्हीच निवडा फुलं!" आता फुलं काय निवडायची हो? गहू निवडले, डाळ निवडली, जावई निवडला, तो खडा निघाला ते सोडा... पण फुलं?

तुम्हाला सांगतो, मागच्या दाराशी माझा कांद्याचा वाफा आहे. एवढासाच. पण सकाळी तिथे उकिडवा बसून गवत उपटलं नाही तर मला अन्न गोड लागत नाही. तो वाफा आमच्या सूनबाईंच्या डोळ्यांत खुपतो! तिला तिथे फुलबाग हवी, मासिकातल्यासारखी. त्यासाठी एक बागवाली मॅडम आणली. गॉगल डोक्यावर, डोळे उघडे, दिसत मात्र काही नाही! म्हणे, "आजोबा, बाग कशी हवी... आपोआप उगवल्यासारखी!"

आपोआप उगवल्यासारखी! अहो, आपोआप उगवलेलं उपटण्यात जन्म गेला माझा, कंबर गेली, आणि ही बाई तेच लावायला येते?

तरी घरात वाद नको म्हणून म्हटलं, झेंडू लावा. "ई, बाबा, फार भडक!" बरं, सदाफुली? "ती दवाखान्याच्या कुंपणाला असते." मग तेरडा? सूनबाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणजे आमचे चिरंजीव, त्यांनी मोबाईलकडे बघितलं. मॅडम सुरूच, "मागे उंच होलीहॉक, मध्ये डेझी, दारावर वेलगुलाब, सगळं दाटीवाटीनं, पण ओळीत नको हं! कुणी लावलंय असं वाटताच कामा नये." मग लावता कशाला? चार महिने घरी गप्प बसा ना! येतंच सगळं... आपोआप!

"आणि माझा वाफा?" मी विचारलं.

"तो आजच काढू," मॅडम म्हणाली. जसा काही किडका दात काढायचाय!

निघाली की वाफ्याकडे! मी धावत पुढे, आडवा उभा राहिलो, म्हटलं, आधी मला गाडा, मग कांद्यांना हात लावा! तेवढ्यात मॅडम किंचाळली. मला वाटलं, साप! "अय्या, हे पांढरे चेंडू कसले गोड!"

बघतो तर डेंगळे! अहो, कांदा पोसायचा सोडून फुलावर आला की तो डेंगळा, मधे दांडा, खायला कुचकामी. कुणी बघायच्या आत उपटणार होतो मी ते, लाज वाटते! आणि ही म्हणते, "हेच हवं होतं! अगदी आपोआप उगवल्यासारखं! वाफा राहू दे."

जिंकलो म्हणा ना! मिशीला पीळ भरला, चिरंजीवांवर डोळे वटारले... आणि जेवताना तोंडी लावायला म्हणून एक कांदा उपटायला वाकलो, तर खिडकीतून सूनबाई ओरडली, "बाबा, हात नका लावू! सगळ्यांनाच फुलं येऊ द्यायचीत!"

आता पाणी मी घालतो, राखण मी करतो आणि खायचे कांदे दुकानातून आणतो. काल भाजीवाला विचारतो, "काय आजोबा, यंदा घरचे कांदे आले नाहीत वाटतं?"

म्हटलं, आले ना बाबा... बघायला आले!