अक्कांचा एकच प्रश्न

अरे, जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण ते खरं कामी आलं एकदाच. सत्तर सालच्या आसपास, धुळ्यात. स्वीडनचं एक जोडपं अनाथाश्रमातल्या मंगीला दत्तक घ्यायला आलं होतं आणि मला दुभाष्या म्हणून बोलावलं होतं. त्यांच्या घरी चार मुलगे, गोठ्यात तीस गायी, क्षणाची उसंत नाही. तरी मुलगी हवीच होती. चार वर्षांच्या मंगीला लहानाचं मोठं केलं होतं स्वयंपाकीण अक्कांनी. त्या हो म्हणाल्याशिवाय पोर द्यायची नाही, असं आश्रमाने ठरवलं होतं.

अक्का म्हणाल्या, "मास्तर, बाईले इचारा. पोर रोज झोपताना कानबाई मायले हात जोडस. तठे जोडू देतीन का?"

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली देवी. मी चाचरतच विचारलं. पक्की ख्रिस्ती माणसं ती. बाईंच्या गळ्यात क्रूस होता. त्या म्हणाल्या, "माझी प्रार्थना मी सोडणार नाही. पण तिची मला शिकवा, मी रोज तिच्याशेजारी बसेन." आणि तिथंच फरशीवर बसून त्यांनी हात जोडले.

दोन दिवस अक्कांच्या पदराआड लपलेली मंगी बाहेर आली. बाईंसमोर उभी राहून दटावून म्हणाली, "डोया मीच!"

‘डोळे मिट’ हा अर्थ मी सांगायच्या आत तिने आपला तळवा बाईंच्या डोळ्यांवर ठेवला. बाईंच्या गालांवरून पाणी ओघळलं, पण त्या हलल्या नाहीत.

अक्का कितीतरी वेळ दोघींकडे पाहत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "कागद करी टाका, मास्तर."