हरणीपुढची गाऱ्हाणी

सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यामागं वैरागच्या दोघी बसल्या होत्या. एक रंभाबाई, नुकतीच अमेरिकेतून पोराकडून परतलेली. दुसरी तिची शेजारीण सायराबानू.

“तुज्या शिवराजचं घर कसं हाय गं तितं?”

“समुद्राकाठच्या जंगलाला लागून. काळ्या शेपटीची हरणं अंगणात येत्यात. तितलीच जात हाय म्हनं.”

“हाकलत न्हाय कुणी?”

“हाकलायचं कशाला? शिवराज आन सून कामावर. दिवसभर बोलायला दुसरं कोण हुतं मला?”

“हरणाशी बोलायचीस?”

“व्हय की. सुनंची गाऱ्हाणी सांगायची. भाजीत तिखट घालत न्हाय, मला गॅसपाशी येऊ देत न्हाय. एक हरणी रोज उभी राहून ऐकायची.”

“सुनंला कळलं असतं म्हंजे?”

“कळलं की. एकदा लवकर घरी आली आन माझ्या मागं उभी राहून सगळं ऐकलं.”

“या अल्ला. भांडली?”

“कशाची भांडती. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढली, हरणीपुढं गेली आन माझी गाऱ्हाणी सुरू केली. मी खिडकीतनं ऐकत हुते.”

“हरणी पळाली असंल.”

“न्हाय गं. माझ्या वेळंला उभी असायची. तिच्या वेळंला चांगली पाय दुमडून खाली बसली.”