वाढवलेल्या बांगड्या

मिरजेच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त हवालदार आणि त्यांची बायको बसली होती. कंपवातानं हवालदारांचा हात मांडीवर सारखा थरथरत होता. कंपाउंडर कागद घेऊन त्यांच्यापुढं आला.

"हवालदार, दिवाळीपासून किती वेळा पडलात?"

"एकबी डाव न्हाई. सोळा वर्सं पलटणीत काढल्यात मी."

"आवं, खरं सांगा की. आठ डाव पडल्यात, सायेब."

"तू काय लिवून ठिवलंयस व्हय गं?"

"लिवायला कशाला पायजे? तोल गेला की माझंच मनगट धरताय. सात डाव कासारणीकडनं नव्या बांगड्या भरल्या."

"फुटल्या तर काय झालं?"

"फुटल्या म्हनू नगासा. वाढवल्या म्हना. आन् गाव काय म्हनतंय ठावं हाय न्हवं? हवालदार बायकूला मारतोय म्हनतंय."

"म्हनू दे."

"आवं, पडतो म्हनून सांगायचं की एकदा."

"न्हाई सांगनार. पडतो म्हनन्यापरास मारतो म्हनल्यालं बरं."

"आन् मी मार खाल्ल्यावानी तोंड घिऊन पाण्याला जायाचं व्हय?"

"थांबा, मावशी. आठ वेळा पडले आणि बांगड्या सातच वेळा भरल्या?"

"परवा मी आठव्यांदा गेले हुते. कासारीण म्हनली, आता कशाला भरतीस, मनुबाई? धन्याची हालत बगतीस न्हवं, जरा दम धर."

कंपाउंडरनं तिच्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं. हवालदारांनीही पाहिलं.

"आठ लिवा, सायेब," हवालदार म्हणाले.