छतावर ऊन होतं

वाशीमच्या वीज कचेरीत भागिरथीबाई छतावरच्या सोलरचा अर्ज घेऊन रांगेत उभ्या होत्या. पुढं सैफुद्दीन टेलर आणि केनवडचे खेमचंदशेठ, दोघांची बऱ्याच दिवसांनी गाठ पडलेली.

"तुमच्या छतावर त सोलर हाय, सैफूभाई. लाइन गेली त तुमाले काय फरक?"

"लाइन गेली का सोलर बी बंद पडते, शेठ. मांगं भर दुपारी लाइन गेली, कडक ऊन होतं, तरी बंद."

"असं काहून?"

"लाइनमन खांबावर चढलेला राह्यते. आपली वीज उलटी तारेत गेली त तो मरंन ना. म्हून ते आपोआप बंद होते."

"अन् तुमचा इन्व्हर्टर?"

"सोलर लागलं त्याच दिवशी बॅटरी मशिदीत देऊन टाकली. म्हटलं, आता आपल्याले कायले लागते?"

भागिरथीबाईंनी त्यांची जुनी बॅटरी सकाळीच भंगारवाल्याला दिली होती.

"मंग अम्मीची ऑक्सिजनची मशीन?"

"बॅटरी आणाले मशिदीत पयालो ना मी. दोनच गल्ल्या हायेत."

"बरं झालं. आज इकडं कसे?"

"मीटरवरचं नाव बदलाचं हाय. अम्मीच्या नावावर होतं."