लेंडीतली बाभूळ

वनखात्याच्या कचेरीत भोयर सर सागवान तोडीच्या परवानगीसाठी रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे तांड्यावरची मानीबाई, आणि खिडकीपलीकडे साहेब.

“मावशी, टेकडीवर यापुढे बकऱ्या न्यायच्या नाहीत. या कागदावर अंगठा करा.”

“काहून नाही न्यायच्या?”

“बाभळीची रोपं आली आहेत तिथं. बकऱ्या खाऊन टाकतील.”

“अन् ते लावले कोणं?”

“खात्यानं.”

“खात्याच्या खड्ड्यात काडी नाही उरली, साहेब. माह्या बकऱ्या बसते तिथं बाभूळ उगवून राह्यली. बकरी शेंगा खाते, बी लेंडीतून पडते, पावसात उगवते.”

“बी झाडाखालीही पडतंच की.”

“पडते, पण लवकर उगवत नाही. लय टणक रायते ते. बकरीच्या पोटातून निघालं का नरमते. तुमच्या नर्सरीचा माणूस दर उन्हाळ्यात माह्या बकऱ्यायच्या वाड्यात लेंड्यातलं बी वेचाले येते, त्याले पुसा.”

साहेबांनी मागे पाहिले. नर्सरीचा माणूस छताचा पंखा पाहत होता.

“जातोस का रे?”

“जातो ना साहेब. तेच बी झटकन येते.”

“असू दे. नियम तो नियम. मावशी, अंगठा करा, नाहीतर बकऱ्या कोंडवाड्यात जातील.”

“नाही करत. कोंडवाडा तुमच्या याच अंगणात हाय ना?”

“हो. का?”

“घेऊन जा तीसही बकऱ्या. सकाळीच पोटभर शेंगा खाल्ल्या त्यायनं. पण पावसाळ्यात अंगणात निघताना चप्पल घालजा, साहेब. बाभळीले काटे रायते.”