फाइलीत राहिलेला हात

आमचा बाप भंडाऱ्याकडचा. रेल्वेत सामान चढवा-उतरवाच्या कामावर लागला अन् रायपूरले आला, तो इथंच राह्यला. माय म्हणे, दोन वर्षांसाठी म्हणून आणलं मले अन् इथंच म्हातारी केली. आम्ही दोघी बहिणी इथल्याच, मी कुसुम अन् माझ्याहून लहान सुमन. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी, भाजीवालीसंग छत्तीसगढी. तीन भाषा येतात अन् तिन्हीत लोक विचारतात, तुम्ही कुठच्या? तर बापाले वाचता येत नव्हतं. पण गाडीत लोक पेपर सोडून जात, ते तो उचलून आणे, नागपूरचे मराठी, इकडचे हिंदी, कधी भज्याचं तेल लागलेले. मी मोठ्यानं वाचायचं, बाप खाटेवर पडून ऐके, अन् एक बातमी संपली का एकच विचारे, हे कोणाच्या घरी झालं? म्हणजे कोणाले भोगा लागलं. काय सांगू तुम्हाले, मंत्र्याचं भाषण वाचलं तरी विचारे, कोणाच्या घरी? मी म्हणो, बाबा, भाषण हाये, कोणाच्याच घरी नाई. मंग सोड म्हणे, पुढचं वाच. अशानं अर्धा पेपर चहा थंडा होयाच्या आत उरके.

सुमन या खेळात माझ्या पुढं. एकदा मी वाचलं, गाडी पाच तास उशिरा आली. बाप म्हणे, कोणाच्या घरी? मी म्हटलं, प्रवाशांच्या. सुमन फ्रॉकचा काठ चावत होती, ते म्हणे, नाई, हमालाच्या घरी, त्याची बायको भाकर झाकून बसली असन. बापानं मायकडं पाह्यलं अन् हसला, कारण माय चुलीपाशी आदल्या दिवशी तेच करून बसली होती.

माझं लग्न सरकारी हापिसातल्या बाबूसंग झालं. माणूस चांगला होता, लवकर गेला. त्याच्या जागी मले अनुकंपावर घेतलं, अन् टेबल मिळालं कतरनांचं. कोणतं हापिस ते नका लिहू, सगळे सारखेच असतात. काम असं, का सकाळी सगळे पेपर घ्यायचे, आपल्या हापिसाबद्दल जे जे आलं ते कैचीनं कापायचं, कोऱ्या कागदावर चिकटवायचं अन् अकराच्या आत साहेबाच्या टेबलावर फाइल ठेवायची. कागदाच्या खाली तीन रकाने छापलेले, विषय, विभाग अन् प्रभावित. प्रभावित म्हणजे ज्याले भोगा लागलं तो. मले वाटलं, अरे, हे तं आपलंच काम हाये, बापानं शिकवून ठेवलेलं!

सुरुवातीले मी तसंच लिहो. नाली तुंबली, तं लिहो, तीन घरं, त्यातली एक आजी एकटी राहते, तिचा दरवाजा नालीकडं उघडते. पेपरात नसलं तरी पत्ता पाहून अंदाज करो, कधी घरी जाताना पाहूनही येवो. एक दिवस साहेबानं बोलावलं, म्हणे, मैडम, उपन्यास मत लिखिए, स्थानीय नागरिक लिख दीजिए, सब आ जाते हैं उसमें. खरंच, सगळे मावतात त्यात. मंग मी तेच लिहू लागली, रोज तेच, तेच, अन् मनगट दुखू लागलं तं गोल बाजारातून रबरी ठप्पा करून आणला, स्थानीय नागरिक, जांभळ्या शाईचा. हापिसात माझी वाहवा झाली. झाड पडलं, ठप्पा. कुत्रं चावलं, ठप्पा. कोणाले चावलं ते त्या कुत्र्याले माहीत.

अन् दुसरा एक नियम होता, तो लिहिलेला नव्हता पण सगळ्याइले पाठ होता. उद्घाटन, सत्कार, झाडं लावणं, हे फाइलीत वर, तक्रारी खाली. ज्या फोटोत साहेब हायेत तो कापायचा नाई, पुरा लावायचा, मोठा असन तं दोन कागद जोडा पण लावा. तक्रारीचा फोटो कागदात बसन तेवढाच ठेवायचा, बाकीचा छाटायचा. छाटलेलं टोपलीत. मले त्याचं कधी काही वाटलं नाई, काहून का कैचीले सवय झाली होती, अन् सवय झाली का डोळ्याइले काम राहत नाई.

सुमनचा नवरा कारखान्यात. शहराच्या टोकाले एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहत, त्याचंही नाव नका लिहू. तो दमा होऊन गेला, मंग सुमन अन् तिची पोट्टी पायल, दोघीच. दर रविवारी फोन होये. भाजी काय केली, पायलचं कॉलेज कसं हाये, बस्. मी तिले कधी विचारलं नाई का तुझ्या वॉर्डाचा नंबर काय. बहिणीले कोण विचारते वॉर्डाचा नंबर?

त्या दिवशी सगळ्या पेपरात एकच होतं, चौकात नवा फव्वारा लागला, रंगीत लाइटाचा, अन् फीत कापताना आमचे साहेब डावीकडून तिसरे. सहा पेपर, सहा फोटो, सगळे पुरे लावायचे. पाणी काय सुंदर उडून राह्यलं होतं त्या फोटोत! त्यातच एक आतल्या पानावरची बातमी, अमुक नंबरच्या वॉर्डात नळाले पिवळं, घाण वासाचं पाणी, पाइप नालीतून गेलेला. पाऱ्याचं नाव नव्हतं, नंबर होता. फोटो आडवा होता, कागदात बसेना. मी छाटला. विषय, पाणी. विभाग, जल. प्रभावित, ठप्पा. अकराच्या आत फाइल टेबलावर.

पुढच्या दोन रविवारी सुमन फोनवर थकल्यावाणी बोलली. म्हणे, थोडा पीलिया हाये, म्हणजे कावीळ, झाडवून घेतला, गळ्यात जडीची माळ घातली हाये, माळ लांबत गेली का उतरते म्हणतात. मी म्हटलं, डॉक्टरले दाखव. हव, म्हणे. मंग एका दुपारी पायलचा फोन, मौसी, मम्मी उल्टा-पुल्टा बोल रही है. मी गेली तं डोळे हळदीवाणी, माळ छातीपर्यंत आली होती अन् पीलिया तिथंच होता. दवाखान्यात नेलं. आठवडा नाई निघाला हो. शेवटी मले ओळखतही नव्हती, माय म्हणून हाक मारे.

सुमनच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवले, गेले, अन् पायलनं कपाटातून घडी केलेला पेपर आणला. मौसी, ये तो आपने देखा था ना? पाह्यलं तं तेच आतलं पान, पुरा फोटो. डावीकडं आमची सुमन उभी, हिरव्या बांगड्या, हात पुढं केलेला, हातात पिवळ्या पाण्याची बाटली. पायल सांगू लागली, फोटोवाले भैया आए थे तो मम्मी सबसे आगे जाके खड़ी हो गई. सुमन म्हणे, मेरी दीदी रोज यही पेपर काटती है, वो देखेगी. मी विचारलं, मंग तिनं मले फोन काहून नाई केला? तं पायल म्हणे, मम्मी बोलती थी, फोन करने से दीदी की नौकरी पे बात आएगी, पेपर में देखेगी तो दीदी का काम ही है. अन् त्या दिवशी सुमन दिवसभर फोन जवळ घेऊन बसली.

मी काय म्हटलं माहीत हाये? मी म्हटलं, नाई बाई, त्या दिवशी मी सुट्टीवर होती.

दुसऱ्या दिवशी हापिसात जुनी फाइल काढली. फव्वारा, फव्वारा, फव्वारा, अन् सगळ्यात खाली तो कागद. सुमन नव्हती त्यात. कैची तिच्या कोपराजवळून गेली होती. बाटली होती, हात होता, बांगड्या होत्या, अन् त्या बांगड्यांवर माझा ठप्पा, स्थानीय नागरिक. साहेबाची सही पण होती बाजूले, अन् शेरा, देखा, म्हणजे पाह्यलं.

लोक म्हणतात, कुसुमबाई, तुम्ही पाह्यलं असतं तरी पाइप काय लगेच बदलला असता? नसता बदलला. मी मूर्ख नाई. पण मी फोन केला असता, का सुमन, ते पाणी पिऊ नको, माझ्याकडं ये. एवढंच. त्याले कोणत्या विभागाची मंजुरी लागत नव्हती.

तो कागद मी पर्समधी घालून घरी आणला अन् पायलच्या पुढं ठेवला. म्हटलं, मी सुट्टीवर नव्हती. तिनं आपला पेपर काढला, माझा कागद त्यावर ठेवला, फोटोतल्या हाताले हात जुळवला. आपने पढ़ा नहीं था? कापलं होतं, मी म्हटलं. पायलनं दोन्ही कागद एकत्र घडी केले अन् आपल्या बॅगेत ठेवले. सुमन गेल्यापासून राहत माझ्याकडंच होती, जेवे, कॉलेजात जाये, पण घरात दोन माणसं अन् आवाज फक्त कुकरचा.

मी रिटायर झाली तेव्हा शाल दिली, नारळ दिला, भाषणात म्हणाले का कुसुम मैडम की पैनी नज़र से कोई खबर नहीं बची. मी हात जोडून बसली होती. माझ्या जागी आलेल्या बाईनं ठप्पा मागितला, म्हणे, दीदी, बड़े काम की चीज़ है. देऊन टाकला. मी नसता दिला तं तिनं नवा बनवला असता.

घरी बसल्यावर पेपर यायचा तो तसाच पडून राहे, मी हात लावत नव्हती. एक दिवस सकाळी पायलनं उचलला अन् मोठ्यानं वाचू लागली, कुठल्यातरी पाऱ्यात हैंडपंप बिघडला, बाया दुरून पाणी आणून राहिल्या. वाचलं अन् थांबली, माझ्याकडं न पाहता म्हणे, किसके घर, मौसी? सुमननं तिले तो खेळ शिकवला होता, हे मले माहीतच नव्हतं. मी तिच्या हातातून पेपर घेतला अन् पत्ता पाह्यला. मंग म्हटलं, चल, पाहून येऊ.

तेव्हापासून जातो आम्ही, दोघी, रिक्षात. घराघरात विचारतो, पाणी कोण भरते, कोण बिमार हाये, अन् बातमीच्या बाजूले पेन्सिलनं नावं लिहितो, पाणी उकळून प्या म्हणून सांगतो. लोक विचारतात, दीदी, कौन से ऑफिस से आए हो? कोणत्याच नाई, म्हटलं का बिचारे निराश होतात. नावं लिहून पेपरवाल्याइले पाठवतो, कधी छापतात, बरेचदा नाई. पायल मराठीत एक शब्द बोलत नाई, पण सगळं समजते तिले. माफ केलं का नाई, ते मी विचारत नाई. काही गोष्टी विचारल्या का बिघडतात.

चांगलं होवो सगळ्याइचं, आणखी काय म्हणू. तुम्ही केव्हाचे लिहून राहिले, गळा सुकला असन. ते पाणी घ्या न. भ्या नका, उकळलेलं हाये, रोज सकाळी उठल्याबरोबर पायल पहिले तेच करते.