समोरच्याचेच शब्द

आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बहीणभाऊ बसले होते. त्यांचे वडील आत होते.

“दादा, काल बाबांनी तुला फोन केला होता ना?”

“केला होता. छातीत जड वाटतंय म्हणाले.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, छातीत जड वाटतंय का बाबा? समजू शकतो मी.”

“आणि?”

“आणि बोलू दिलं त्यांना. मध्ये एकदाही तोडलं नाही. समोरच्याचेच शब्द परत म्हणायचे, म्हणजे माणूस मोकळा होतो. सेल्सच्या एका पुस्तकात वाचलंय मी. त्याच्या जोरावर तर मी मॅनेजर झालो.”

“डॉक्टरकडे जा, एवढं तरी सांगायचंस.”

“लगेच सल्ला द्यायचा नसतो गं. गिऱ्हाईक बिथरतं.”

“बाबा गिऱ्हाईक आहेत?”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“नंतर मला फोन आला त्यांचा. किती खूश होते. म्हणाले, आज पोरानं माझं सगळं ऐकून घेतलं, आता हलकं वाटतंय. म्हणून मीही गेले नाही बघायला.”

“हलकं वाटतंय म्हणाले?”

“दादा, माझ्याशी तरी असं नको ना बोलूस.”

“अगं, मी खरंच विचारतोय.”